तिसरं पाणी

टॉवेलच्या गावात जन्मलो, टॉवेलच्याच कारखान्यात २२ वर्षं हिशेब लिहिले आणि वयाची ४७ वर्षं उलटेपर्यंत एक टॉवेल कधी स्वतःच्या हातानं धुतला नाही. सांगायला लाज वाटते. पण पुढचं सगळं त्यातूनच निघालंय, तेव्हा ते आधीच कबूल करून मोकळा होतो.

मार्चमध्ये मानेला खाज सुटली. सोलापुरात मार्चमध्ये खाज सुटणं ही काही बातमी नव्हे. इथं होळी झाली की घामोळं येतंच. अंगाला गार वाटणारी पावडर थापली आणि सोडून दिलं. एप्रिलात कमरेला, पट्टा बसतो तिथं, बोटभर रुंदीची लाल पट्टी उमटली. मग दोन्ही काखांच्या पुढच्या कडांना. मे महिन्यात पारा ४३ वर गेला तेव्हा मी ऑफिसात लाकडी फुटपट्टी कॉलरमध्ये घालून मान खाजवत होतो, आणि नेमकं मालकांनी पाहिलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी टेबलावर नवी फुटपट्टी होती. जुनी त्यांनी परत मागितली नाही.

घरीदारी निदानं सुरू झाली. आईच्या मते रक्त तापलं होतं. तिनं आंघोळीच्या पाण्यात कडुनिंबाचा पाला उकळून घातला. गोदामातल्या मित्रानं एका वाक्यात निकाल लावला, "धुण्याची पावडर बदल बे." बायकोनं बदलली. दोन महिन्यांत चारदा बदलली. घरात गुलाब झाला, मोगरा झाला, लिंबू झालं, मग कसलासा जांभळ्या फुलांचा वास आला, ज्या फुलाचं झाड आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नसेल. खाज आपल्या जागी तशीच.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई साठीच्या होत्या, चष्मा कपाळावर. त्यांनी मला शर्ट काढायला लावला, पण आधी माझी मान पाहिलीच नाही. शर्ट हातात घेतला, कॉलर उलटी केली आणि घडीच्या आत नख फिरवलं. नखाला पांढरट, मेणचट काहीतरी लागलं. ते त्यांनी मला दाखवलं. "साबणाची वडी घासता कॉलरला?"

मी म्हटलं, मला माहीत नाही, धुणं घरात होतं.

"घरात होतं," त्या म्हणाल्या. एवढंच. चष्मा खाली घेऊन मग मान पाहिली.

मला वाटत होतं, चारही पावडरी पुडीत बांधून न्याव्यात आणि पाठीला चिकटवून बघाव्यात कुठली चावते ते. त्या हसल्या. साबण किंवा पावडर जशीच्या तशी कातडीला बांधून ठेवली तर बहुतेकांची कातडी लाल होईल, त्यावरून काही कळत नाही, म्हणाल्या. पॅच टेस्टमध्ये पावडर लावत नाहीत, एकेक संशयित वेगळा काढून, ठरलेल्या पातळ प्रमाणात लावतात. आमच्याकडे वापरतात त्या संचात वीसएक संशयित असतात. निकेल, कोबाल्ट, सिमेंटमधलं क्रोमेट, केसांच्या कलपातलं रसायन, फॉर्मल्डिहाइड, सुगंधी द्रव्यांचं मिश्रण, आणि गाजरगवतसुद्धा. छोट्या चकत्या पाठीवर चिकटवतात, ४८ तास ठेवतात, काढून बघतात, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात, कारण असली ॲलर्जी सावकाश उठते. तोवर पाठ भिजवायची नाही. मे महिन्याच्या सोलापुरात दोन-चार दिवस पाठ कोरडी ठेवणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच विचारा. मी कमरेपासून खाली आंघोळ केली आणि वरचा भाग ओल्या फडक्यानं पुसला. एकादशीसुद्धा मी एवढी निगुतीनं पाळत नाही.

सगळं कोरं निघालं. सुगंधाच्या खणातही काही नाही.

मला जरा वाईटच वाटलं. एवढं सोसल्यावर गुन्हेगार सापडायला हवा होता. बाईंनी मग समजावून सांगितलं ते मला हिशेबाच्या माणसाला पटेल असं होतं. कातडीचा त्रास दोन जातींचा असतो. ॲलर्जी म्हणजे वैर. शरीरानं एखाद्या पदार्थाचा चेहरा लक्षात ठेवलेला असतो. तो चिमूटभर दिसला तरी एक-दोन दिवसांत अंगावर येतं. दुसरी जात नुसत्या दाहाची. तिथं वैर नाही, मात्रा आहे. किती, किती वेळ, किती घासून. उन्हात उभं राहिल्यासारखं: पाच मिनिटं कुणालाही चालतात, पाच तास कुणालाच नाही, आणि मधलं ज्याच्या त्याच्या कातडीवर. सुगंधाचं वैर असणारी माणसं असतात, पातळ साबणात घालतात त्या टिकवणाऱ्या द्रव्यांचंही असतं, त्यांनी ते टाळायलाच हवं. माझं ते नव्हतं. घरी येऊन मी वाचत बसलो तर २००२ साली अमेरिकेत छापून आलेला एक अभ्यास सापडला. पुरळ असलेल्या ७३८ रुग्णांची धुण्याच्या पावडरीसाठी पॅच टेस्ट केली, आणि खरी ॲलर्जी असलेले एक टक्कासुद्धा भरले नाहीत. म्हणजे पावडरीवर आळ घेणारे पुष्कळ, आणि पावडर दोषी ठरते ती क्वचित. निदान त्या कलमाखाली तरी.

पण कॉलरमधला तो मेणचट थर होताच की. डॉक्टरांनी औषधाची ट्यूब लिहून दिली आणि खाली एक ओळ लिहिली, जी औषधाच्या दुकानदारानं दोनदा वाचली: "एक महिना स्वतःचे कपडे स्वतः धुणे."

कातडीचा सगळ्यात वरचा थर किंचित आंबट असतो. सामू, म्हणजे आंबटपणा सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आंबट, साडेचार ते साडेपाचच्या आसपास. पावडर पाण्यात कालवली की तिचा सामू दहाच्या वर जातो, कारण तिच्यात धुण्याचा सोडा असतो. सोड्याशिवाय तिचं चालत नाही. तो पाण्यातला चुना पकडतो आणि तेलकट मळ सैल करतो. मळ ओढून काढणारं मुख्य रसायन वेगळं. त्याला तेल दिसलं की ते धरतं, मग ते तेल शर्टावरचं असो की कातडीतलं. कपड्यात उरलेला हा माल कोरडा असतो तोवर निजलेला असतो. घाम आला की विरघळतो आणि कामाला लागतो. माझ्या अंगावरचा नकाशा आठवून बघा: कॉलरची घडी, कमरेची दुहेरी शिवण, काख. जिथं वडी सगळ्यात जास्त घासली जाते, जिथं कापड दुहेरी म्हणून धुऊन निघत नाही, आणि जिथं घाम सगळ्यात जास्त. हे मला दोन महिने दिसलं नाही. चूक सापडेपर्यंत ताळेबंद सोडत नाही असं मी लोकांना सांगतो.

धुवायचं तर आधी पावडर आणायला हवी. बाईंनी सांगितलं होतं, वास नसलेली, रंगीत दाणे नसलेली, साधी. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदारानं काउंटरवर सात पुडे मांडले.

"बिनवासाची हाय का?"

"बिनवासाची? ओ मालक, वास नसंल तर धुतलंय हे कळणार कसं?"

त्याचं बरोबर होतं. आपण कपडा नाकानं तपासतो. वासाचं काम मळ काढणं नाही, काम झालंय असं सांगणं आहे, आणि त्यासाठी तो धुतल्यावरही कापडात राहावा लागतो. पांढरेपणाचं तेच. पावडरीत एक द्रव्य घालतात जे उन्हातला न दिसणारा जांभळ्यापलीकडचा प्रकाश घेऊन निळसर उजेड बाहेर टाकतं. मळ निघो न निघो, डोळ्याला शुभ्र दिसतं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजाबरोबर चालणाऱ्यांच्या अंगातल्या त्या हजारो पांढऱ्या बाराबंदी बघा, दुपारच्या उन्हात डोळे दिपतात. पूर्वी ते काम नीळ करायची. तीही कापडावर राहावी म्हणूनच घालायची. त्या पांढऱ्याला माझी ना नाही, यात्रेला ते शोभतं. माझं म्हणणं एवढंच की वास, चमक आणि मऊपणा या तिन्ही गोष्टी कपड्यात मागं राहण्यासाठीच बनवलेल्या असतात, आणि ज्याची कातडी कुरकुरते त्याला मागं काहीच राहायला नको असतं.

एन्झाइमविषयी मात्र मी उगाच घाबरलो होतो. नावावरून वाटतं कातडी खाऊन टाकतील. त्यांचा खरा त्रास १९६० च्या दशकाच्या शेवटी पावडरीच्या कारखान्यांतल्या कामगारांना झाला. ती भुकटी श्वासातून जाऊन त्यांना दमा लागला. मग ती दाण्यात कोंडून घालायला लागले. कपडे वापरणाऱ्यांच्या कातडीला त्यांचा त्रास होतो असं तपासण्यांत काही निघालेलं नाही. रिठ्याचंही करून बघितलं, आईच्या आग्रहानं. रेशमाला आणि लोकरीला रिठा उत्तम. ऑफिसच्या शर्टाच्या कॉलरला त्यानं हात जोडले, आणि पाणी डोळ्यात उडालं तेव्हा अर्धा तास मी आंधळा होतो. "नैसर्गिक हाय, काय होत न्हाई," असं आई म्हणत होती. गाजरगवतही नैसर्गिकच.

लहान मुलांच्या कपड्यांचा म्हणून एक महागडा पातळ साबण मिळाला. बाटलीवर 'सेन्सिटिव्ह' लिहिलेलं. उघडून वास घेतला, तर पाळणाघराचा वास. 'संवेदनशील त्वचेसाठी' या शब्दांना कायद्यानं बांधलेला अर्थ नाही, ते कुणीही छापू शकतं. हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. शेवटी एक साधा, जवळजवळ बिनवासाचा पातळ साबण घेतला. पातळ साबणाचा फायदा असा की तो पाण्यात पूर्ण विरघळतो, दाणे शिवणीत अडकत नाहीत, आणि सोडा कमी किंवा नसतोच. तोटा असा की पाणी असल्यामुळं त्यात टिकवणारं द्रव्य घालावं लागतं, पावडरीत ते लागत नाही. ज्याला त्या द्रव्याचं वैर आहे त्याला उलट पावडरच बरी. असं आहे ते. एकाला सांगितलेलं दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

पण हे सगळं दुय्यम निघालं.

पहिल्या रविवारी मी न्हाणीत पाट टाकून बसलो. धुवायच्या आधी सहज म्हणून कपाटातला घडी केलेला, 'धुतलेला' टॉवेल घेतला आणि बादलीतल्या कोमट, निव्वळ पाण्यात बुडवला. साबणाचा थेंब नाही. दोनदा दाबला, सोडला. पाणी ताकासारखं झालं. कडेनं फेस धरला. हात वर काढला तर बोटं बुळबुळीत.

टॉवेल कसा विणतात ते मी रोज बघतो. त्याला ताणे, म्हणजे उभे धागे, दोन, एक घट्ट जमिनीचा, एक सैल फाशाचा. तीन धागे आडवे गेले की फणी एकदम पुढं ठोकते आणि सैल ताण्याचे फासे उभे राहतात. ते फासे पाणी पितात म्हणून तो टॉवेल. पाणी पितात तसे साबणाचं पाणीही पितात, आणि इतक्या सगळ्या फाशांच्या कुशीतून ते परत काढायला साध्या कापडापेक्षा जास्त पाणी लागतं. वर आमचं बोअरचं पाणी. सोलापूर काळ्या खडकावर बसलंय, त्या खडकातलं पाणी जड. स्टीलच्या पातेल्याच्या बुडाशी आठवड्यात पांढरी साय धरते. जड पाण्यात साबण फेसत नाही म्हणून धुणारी आणखी टाकते. सोडा आणि पाण्यातला चुना मिळून कापडावर खडूसारखा थर बसतो, टॉवेल उन्हात वाळला की पापड होतो. मग मऊ व्हावा म्हणून वरून मऊ करणारं द्रव घालायचं, जे फाशांवर पातळ लेप चढवतं आणि टॉवेल पाणी प्यायचाच थांबतो. आमच्या कारखान्यातून टॉवेल बाहेर पडताना सोलापूरचं नाव लागतं, आणि घरी आमच्या न्हाणीत आम्ही त्याची ही अवस्था करतो.

बायको दारात उभी होती. मी विचारलं, "धुणं एकाच पाण्यातनं काढतीस का?"

"मग? पाणी काय तुमच्या ऑफिसातनं आणू?"

याला उत्तर नव्हतं. उजनी धरणाचं पाणी शंभरेक किलोमीटर नळातून येतं आणि आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी एकदा, तेही कधी रात्री दोनला, कधी पहाटे चारला. तेवढ्यात टाकी, पिंप, हंडे, घागरी. त्यातलं पिण्याचं, स्वयंपाकाचं, आंघोळीचं. जे उरतं त्यात धुणं. पूर्वी तीन पाणी काढायची ती, मग दोन झाली, मग एक. कुणी ठरवलं नाही, जाहीर केलं नाही. घरात एवढी मोठी कपात झाली आणि हिशेब लिहिणाऱ्या माणसाला पत्ता नाही. पावडर मात्र तेवढीच राहिली, उलट वाढली.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. हे माझ्या आवाक्यातलं होतं. समजा, माझे चार शर्ट, दोन पँटी, टॉवेल असं धुणं घट्ट पिळलं तरी त्यात दोन लिटर साबणाचं पाणी उरतं. माझ्याकडं विसळायला वीस लिटरची एक बादली आहे. सगळी बादली एकदम वापरली तर दोन लिटर बावीस लिटरांत मिसळतात, पिळल्यावर अकरावा हिस्सा साबण कपड्यात राहतो. तीच बादली दहा-दहाची दोनदा वापरली, मध्ये पिळलं, तर सहावा हिस्सा आणि त्याचा सहावा हिस्सा, म्हणजे छत्तिसावा. आणि तीच वीस लिटर तीन वाट्यांत? मी दोनदा मांडून बघितलं. एक्क्याऐंशीवा हिस्सा. पाणी तेवढंच, एक थेंब जास्त नाही. मग उलटं करून बघितलं: तीन पाणी काढली, पण मध्ये पिळायचा कंटाळा केला, दोनाऐवजी चार लिटर कपड्यातच राहू दिलं, तर एकोणिसावा. म्हणजे खरी मेहनत पिळण्यात आहे. प्रत्यक्षात एवढं चोख निघत नाही, साबण सुताला धरूनही राहतो. पण दिशा हीच.

विजय मिळवल्यासारखा कागद घेऊन आईकडं गेलो. तिनं तो हातातही घेतला नाही. "तीन पाण्यातनं काढल्याबिगर धुणं म्हणायचंच न्हाई," ती म्हणाली, "आन् पिळल्याबिगर दुसऱ्या पाण्यात घालायचं न्हाई. ह्याला कागद कशाला?" आई मोहोळकडची. लग्नाआधी सीनेच्या पात्रात धुणं आपटलेली, तिथं पाणी मोजायचा प्रश्नच नव्हता. मोजायला ती चाळीतल्या नळावर शिकली. पण तिचं सगळंच बरोबर असं मी म्हणणार नाही. वडीवर तिचा फार जीव. जुन्या पद्धतीचा तेलाचा साबण मऊ, पावडर उष्ण, असं तिचं शास्त्र. तेलाचा साबण जड पाण्यात गेला की चुन्याशी मिळून चिकट गाळ होतो आणि तो कापडावरच बसतो. आणि हल्लीच्या डिटर्जंट वड्यांत सोडा आणि खडूसारखी भर असतेच. कॉलरवर कोरडी वडी घासायची, ब्रश मारायचा आणि एका पाण्यात बुचकळायचं, हे माझ्या मानेला भोवलं होतं. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या बापाच्या मानंला कधी काय झालं न्हाई."

बाप सायझिंगला होता. ताण्याला खळ लावायचं काम. चिंचोक्याचं पीठ, स्टार्च, भल्या मोठ्या भांड्यात शिजायचं. अंगाला तो आंबूस वास घेऊनच तो घरी यायचा. खळ नसेल तर मागावर धागा टिकत नाही, आणि विणून झाल्यावर खळ काढली नाही तर कापड माणसाच्या उपयोगाचं नाही. लावायला एक खातं, काढायला दुसरं. आमच्या कारखान्यात आजही तेच. रंगवताना सोडा लागतो, मग तो काढायला गरम पाणी, गार पाणी, आणि मध्ये थोडं ॲसेटिक ॲसिड. त्या ॲसिडची बिलं २२ वर्षं मी पास करतोय. कशाला लागतं हे कधी विचारलं नव्हतं. त्या जूनमध्ये प्रोसेसवाल्याकडं जाऊन विचारलं. "सोडा मारायला की," तो म्हणाला, "न्हाईतर कापड अंगाला चावतंय." आणि माझ्या मानेकडं बघत राहिला.

तर माझी पद्धत अशी बसली. साबण मोजून, चहाच्या चमच्यानं, पूर्वीच्या अर्ध्याहून कमी. फेस कमी आला तरी घाबरायचं नाही. फेस आणि स्वच्छता यांचा संबंध दुकानदाराच्या वासाइतकाच. भिजवायला बोअरचं पाणी चालतं. विसळायला तिन्ही वेळा नळाचं, थोडं थोडं. कॉलरला वडी बंद. साबणाचे दोन थेंब बोटानं चोळून दहा मिनिटं ठेवायचे. नवा कपडा आधी धुतल्याशिवाय अंगात घालायचा नाही, कारण त्यातही कारखान्याचा माल असतो, आणि तो काय असतो हे मला आता ठाऊक आहे. विसळलेलं शेवटचं पाणी संडासाला. पहिलं पाणी पुढच्या भिजवण्याला. बायको म्हणाली, पाणी तेवढंच लागतंय की! मी कागद दाखवायला गेलो, पण तीही कागद बघणाऱ्यांतली नाही.

तिसऱ्या आठवड्यात मान निवळली. कमरेचा पट्टा तपकिरी झाला, मग पुसट. मलमाचा वाटा त्यात होताच. आणि त्याच आठवड्यात माझ्या बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या. उजव्या हाताची दोन बोटं सुरकुतून कागदासारखी झाली, मीठ लागलं की जीव जायचा. हिशेबाच्या वहीचं पान उलटताना आवाज यायचा. डॉक्टरांकडं गेलो तर त्या जराही चकित झाल्या नाहीत. कपड्यात उरलेल्या चिमूटभर साबणानं मान उठली, तर अर्धा तास हात साबणातच बुडवल्यावर काय होणार? हातमोजे घाला, म्हणाल्या, आत सुती अस्तर असलेले, नुसत्या रबरात घामानं आणखी चिघळतं; आणि धुणं झालं की लगेच तेल किंवा व्हॅसलीन.

रबरी हातमोजे घेऊन घरी आलो. एक जोड. बायको भाकरी थापत होती. तिनं पिशवीकडं बघितलं, हात थांबवले नाहीत.

"वीस वर्षं झाली, माझी बोटं अशीच हायत," ती म्हणाली. "तुम्हाला तीन आठवड्यांत हातमोजे सुचले."

मी तिचा हात बघितला. पिठामुळं भेगा पांढऱ्या रेघांसारख्या दिसत होत्या. हा हात मी रोज ताटात वाढताना बघतो. आईचा हात त्याहून वाईट, अंगठ्याच्या कडेला कायमची चीर, तिच्यात ती रात्री मेण आणि तेल भरते. लहानपणी मला वाटायचं म्हातारपणी सगळ्यांचं असंच होतं. आमच्या घरी आधी धुणंभांडी करायला यायच्या त्या मावशी पाच घरांचं धुणं करायच्या. कोपऱ्यावरच्या दुकानात मी वास नसलेली पावडर मागत होतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं फक्त एक मान होती.

दुसरी जोड आणली. दोन दिवस तिनं ती घातली. तिसऱ्या दिवशी मोजे दोरीवर क्लिप लावून टांगलेले, आणि ती उघड्या हातानं विसळत बसलेली.

"का काढले?"

"साबण निघाला का न्हाई ते बोटांना कळतंय. रबराला कळत न्हाई."

आता भिजवताना, चोळताना मोजे, आणि तिसऱ्या पाण्याला काढायचे, असं ठरलंय. निव्वळ पाण्यानं हाताला तेवढं होत नाही. रविवारचं धुणं माझ्याकडं, सगळ्यांचं. परवा पाणी रात्री अडीचला आलं. गल्लीत एकेक दिवा लागला, मोटारी घुरघुरायला लागल्या, कुणीतरी तेलुगूत कुणाला तरी पाइप धर म्हणून ओरडलं. टाकी भरेपर्यंत झोप लागायची नाही, म्हणून मी भिजवलेलं धुणं काढून बसलो. तिसऱ्या पाण्यातून शर्ट पिळला, बाही बायकोपुढं धरली. तिनं दोन बोटांत कफ घेऊन चोळला, डोळे मिटून, जसं लुगड्याचं सूत बघतात तसं.

"अजून हाय," ती म्हणाली.

मी तांब्या बुडवला.